कापसाच्या पोटातली आग

भाऊसो,

“बाई, माज्याबद्दल काय लिवू नका. लिवायचंच तर बंबाबद्दल लिवा,” असं तुम्ही फोनवर म्हणालात. ऐकून घेतलं. मानायचं की नाही ते मी ठरवते. बंबाबद्दल लिहिणारे पुष्कळ निघतील, कंपन्यांची रंगीत पत्रकं तेवढ्यासाठीच छापलेली असतात. तुमच्याबद्दल लिहील असा माणूस मला दिसत नाही. तुमच्या आगीच्या बंबावरचा बाळासो तोंडानं दहा तास सांगेल, पण पेन हातात दिलं की त्याला शिंका येतात. तेव्हा मीच.

तुम्हाला ठाऊक असलेलंच यात पुष्कळ येईल. वैतागू नका. वाचणारे दुसरे आहेत, त्यांना पहिल्यापासून सांगायला हवं.

तर भाऊसो टेंगले. गाव जत तालुक्याच्या पूर्वेला, जिथून पुढं तीन कोसांवर लोक कानडी बोलायला लागतात. घरात शंभरभर मेंढरं. वडील कळपाच्या मागं आणि आई सुलाबाई सगळ्यांच्या पुढं. दिवाळी झाली की कळप घेऊन पश्चिमेला कृष्णाकाठच्या रानात उतरायचं, तिथल्या शेतांत मेंढरं बसवायची, खत शेतकऱ्याला, ज्वारी तुम्हाला. सहा वर्षांचे असताना तुम्ही पहिल्यांदा उसात पाटाचं पाणी सोडलेलं पाहिलंत आणि आईला विचारलंत, “आये, ह्यांचं पानी सांडलंय. त्येंला कुनी सांगायचं?” हे मला सुलाबाईंनी सांगितलं. त्या हसत होत्या. मला हसू आलं नाही. ज्या घरात तोंड धुतलेलं पाणी परातीत धरून शेळीपुढं ठेवतात, तिथल्या पोरानं दुसरं काय विचारायचं?

आणि नोकरी कुठं लागली, तर सांगलीत आगीच्या बंबावर. साल अठ्ठ्याऐंशी, वय तेवीस. काम एकच, पाणी ओतायचं.

त्या वेळचा बंब आजच्या पोरांपुढं उभा केला तर त्याच्याबरोबर फोटो काढतील. घंटा दोरी ओढून वाजवायची. आगीची खबर द्यायला माणूस सायकलवर यायचा, दारातच “आग, आग” ओरडायचा आणि कुठं लागली ते सांगायच्या आधी प्यायला पाणी मागायचा. होस कॅनव्हासचे. शंभर ठिकाणी गळायचे. आग विझवून आलं की ते धुवायचे, मनोऱ्यावर लटकवून वाळवायचे, नाहीतर कुजायचे. होसच्या टोकाला पितळेची जड ब्रँच, म्हणजे जिच्यातून धार सुटते आणि जी फिरवून पाणी चालू-बंद करतात ती तोटी. अंगात साधी खाकी, तोंडाला ओला टॉवेल. मोठ्या आगीनंतर चार दिवस थुंकी काळी यायची, आणि “आज पांढरी आली” हे बंबाच्या ठाण्यावर आनंदानं सांगण्यासारखं असायचं. आज पाठीवर हवेची टाकी असते, तोंडावर मुखवटा, अंगात थराथरांचा कोट, गाडीत रस्त्याचा नकाशा बोलतो, आणि गल्लीबोळांत शिरायला पाण्याचं धुकं मारणारी मोटारसायकल असते. तुम्ही दोन्ही वापरलंत. तक्रार कशाचीच केली नाहीत.

बाळासो तेव्हापासून तुमचा ड्रायव्हर. वाळव्याकडचा, उसात वाढलेला. कुठल्या विहिरीला बाराही महिने पाणी आणि कुठल्या मळ्यातला कुत्रा चावतो, हे त्याला पाठ. तुमची धार जरा बारीक झाली की तो पंपापाशी उभा राहून ओरडायचा, “आरं सोड की पानी! तुज्या आईच्या घागरीतलं हाय व्हय?”

“वाया चाललंय.”

“आगीवर वतल्यालं पानी वाया जातंय, असं म्हननारा फायरमन जगात एकच. जतचं मेंढरू!”

सगळे हसायचे. तुम्हीही. पण धार मोठी करायचा नाहीत. आणि गंमत म्हणजे पंधरा वर्षं तुमचं बरोबर ठरत गेलं. दुसऱ्यानं घर निम्मं भिजवून वाचवलं असतं, ते तुम्ही कोरडं ठेवून वाचवायचात. कोपरा धरून, खालून, मोजकी धार. लोकांचं धान्य, कापडचोपड शाबूत राहायचं. साहेबही म्हणायला लागले, टेंगलेला पुढं घाला.

मग दोन हजार तीनचा उन्हाळा आला.

तुमच्याकडं पाऊस झालेला नव्हता. निम्मी मेंढरं विकलेली. गावात टँकर आठ दिवसांनी. शनिवारी तुम्ही घरी गेलात तेव्हा सुलाबाई दोन घागरींसाठी चार तास रांगेत होत्या, आणि तुम्ही गेल्यावर त्यांनी तुम्हाला पाय धुवायला तांब्या दिला नाही, ओलं फडकं दिलं. मंगळवारी भर दुपारी सांगलीजवळ माधवनगरला कापसाच्या एका गोदामाला आग लागली.

ब्रँच तुमच्या हातात होती. अडीच तास तुम्ही झुंजलात. सात टँकर रिकामे झाले. जाळ बसला, धूर पांढरा झाला. गोदामाच्या दारातून पाणी बाहेर आलं आणि गटारातून ओढ्यासारखं वाहायला लागलं. तुम्ही ते बघत होतात. मग कापसाच्या वरच्या, दाबून बांधलेल्या गाठींना हात लावलात. गार. ब्रँच फिरवून बंद केलीत आणि साहेबांना म्हणालात, “इजली.”

तुमचा शब्द म्हणून त्यांनी होस गुंडाळायला सांगितले.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता एका गाठीच्या पोटातून जाळ बाहेर आला. वारा होता. गोदाम तर गेलंच, मागच्या कामगारांच्या चाळीतल्या तीन खोल्या गेल्या. माणूस दगावलं नाही. लीलाबाई नावाची बाई शिलाईचं मशीन ओढून बाहेर काढत होती, तिचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला. “थोडक्यात निभावलं” असं लोक म्हणाले. मी तो हात पुढं पाहिलाय, म्हणून मी असं म्हणणार नाही.

ठाण्याच्या नोंदवहीत ओळ पडली: ‘फायरमन टेंगले यांनी ब्रँच वेळेआधी बंद केल्यामुळे आग पुन्हा भडकली.’ सहीसाठी तुमच्यापुढं वही ठेवली तेव्हा तुम्ही एवढंच म्हणालात, “खरं हाय त्ये.” आणि सही केलीत.

त्या दिवशी तुमच्या हातातून ब्रँच गेली. होस वाळवायचे, फाटलेल्याला ठिगळ लावायचं, फोन उचलायचा. मेंढक्याची काठी काढून घेऊन त्याला लोकर पिंजायला बसवावं, तसं. तुम्हाला बढती नको होती, बदली नको होती. ब्रँच परत हवी होती, आणि तीही कापसाच्याच आगीवर. हे तुम्ही कुणाला बोलला नाहीत. मला कळलं, कारण तुम्ही माझ्या दारात आलात.

मी तेव्हा सांगलीच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होते. निवृत्तीला वर्ष उरलेलं. जून महिना, प्रवेशांची झुंबड, आणि प्रयोगशाळेच्या दारात खाकीतला, टोपी हातात धरलेला एक माणूस.

“बाई, कापूस पान्यात बुडवला तरी आत इंगळ जगतो कसा?”

“तुम्ही कोण? कुणाचे पालक?”

“कुनाचा न्हाई. मी बंबावर हाय.”

“मग तुमच्या साहेबांना विचारा.”

“इचारलं. त्ये म्हनले, तू इचारू नगं, होस वाळव.”

तीस वर्षांत माझ्या एकाही विद्यार्थ्यानं स्वतःच्या चुकीबद्दल इतका नेमका प्रश्न विचारला नव्हता. मी म्हटलं, “बुधवारी चारनंतर या. उशीर केलात तर दार लावून घेईन.” तुम्ही पावणेचारला जिन्यात बसलेले होतात.

आपण मुठीएवढा कापूस सुतानं करकचून आवळला, मधे पेटती उदबत्ती खुपसून काढून घेतली, आणि मी वरून बाटलीतलं पाणी ओतायला लागले. अर्धी बाटली झाली तसा तुम्ही माझा हात धरलात.

“बास की बाई! सगळी बाटली कशापायी?”

“हात सोडा! याच्यामुळंच तुम्ही इथं बसलाय.”

तुम्ही हात सोडलात आणि लाल झालात. दोन तासांनी ब्लेडनं तो गोळा कापला. वरून ओला, आत कोरडा, आणि मधोमध वाटाण्याएवढा लाल ठिपका, जिवंत. तुम्ही त्याच्याकडं असे बघत राहिलात जसं कुणी आपल्या घरात शिरलेल्या चोराकडं बघावं.

मग मी सांगितलं. कच्च्या कापसाच्या धाग्यावर मेणाचा पातळ थर असतो. पाणी त्यावरून घसरतं, आत शिरत नाही. आणि दाबलेल्या गाठीत धाग्याधाग्यांत कोंडलेली हवा असते, इंगळाला, म्हणजे आतल्या निखाऱ्याला, तेवढी पुरते. पुढच्या बुधवारी पाण्यात धुण्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून दाखवलं. त्याच कापसानं तेच पाणी घटाघटा पिऊन टाकलं.

तुम्ही तो भिजलेला कापूस मुठीत धरून पिळलात. मग म्हणालात, “म्हंजी पानी कमी न्हवतं पडलं. पानी चुकीचं पडलं.”

“दोन्ही. उगाच स्वतःला सोडवून घेऊ नका. कमीही पडलंच होतं.”

“व्हय,” म्हणालात.

उरला प्रश्न: गाठ आतून गार झाली की नाही हे बाहेरून ओळखायचं कसं? मी लांब तापमापकाची गोष्ट काढली, तो कुठं मिळतो, केवढ्याला मिळतो वगैरे. तुम्ही मधेच म्हणालात, “आमची आई सळई घालती.”

“कशात?”

“लोकरीत.”

मेंढरं कातरल्यावर लोकर दवानं ओली राहिली आणि ढीग मारला, की ढीग आतून तापतो, लोकर खराब होते. म्हणून सुलाबाई ढिगाच्या पोटापर्यंत लोखंडी सळई खुपसायच्या, थोड्या वेळानं काढून गालाला लावायच्या. गरम लागली की ढीग मोडायचा, पसरायचा. शाळेत न गेलेल्या बाईनं लोखंड उष्णता वाहून आणतं हे ओळखलं होतं, आणि मी पदव्या घेऊन तापमापकाची दुकानं शोधत होते. मला राग आला. स्वतःचाच, पण काढला तुमच्यावर. “हे पहिल्या दिवशी का नाही सांगितलंत?”

“तुमी इचारलं न्हाई.”

सहा बुधवार आलात. सातव्या बुधवारी ठाण्यावर जाऊन तुम्ही म्हणालात, कापसाच्या आगीला जाताना टाकीत साबण मिसळूया. मग काय! महिनाभर त्यांना दुसरी करमणूक लागली नाही. “टेंगले आग धुवायला निघाला.” बाळासो म्हणाला, “भाऊसो, नीळबी टाक. कापूस पांढराफेक निगंल.”

दहाएक वर्षांनी कंपनीचे कॅन आले. पाणी कापसात, गादीत, गवताच्या गंजीत झिरपावं म्हणून टाकीत मिसळायचं द्रव. बरोबर प्रशिक्षणाची फिल्म आणि टाय लावलेला माणूस. बाळासोनं कॅनमधलं थोडं हातावर घेतलं, चोळलं, वास घेतला आणि त्या माणसाच्या भाषणात ओरडला, “आरं भाऊसो, ह्ये तर तुजं धुनं!”

त्याआधी दोन हजार पाचचा महापूर होऊन गेला होता. सांगलीत होडीतून माणसं काढायला बंबाचेच लोक होते. जतचा माणूस छातीएवढ्या पाण्यात म्हाताऱ्यांना खांद्यावर घेऊन चालतोय आणि होडीतून बाळासो ओरडतोय, “घे गड्या! घे! लागंल तेवढं घे!” तुम्ही म्हणे हसून पडलात, म्हातारी खांद्यावर असताना. तिनं तुमच्या टाळक्यात मारली.

पुरानंतर नव्या साहेबांनी तुमच्या हातात ब्रँच दिली. घराची आग असो, गंजीची, उसाची, ती तुमच्याकडं. पण कापसाची नाही. “कापसाला टेंगले नको,” असं एक वाक्य ठाण्यात राहून गेलं. साहेब बदलले, वाक्य राहिलं. ते कुणी लिहिलेलं नव्हतं, त्यामुळं कुणाला खोडताही येत नव्हतं. माधवनगरची वर्दी, म्हणजे आगीची खबर, आली की तुम्ही गाडीत मागं बसायचात आणि तिथं पोचून होस ओढायचात. अठरा वर्षं.

मी एव्हाना साताऱ्याला येऊन राहिले होते. माहेर कोरेगावचं, पण तिथं मोठ्या दवाखान्याची सोय नाही आणि मला कुणाच्या गाडीची वाट बघत बसायला आवडत नाही. तुम्ही सुलाबाईंना घेऊन एकदा आलात. फोन महिन्याला असायचा. दर वेळी मी विचारायचे, “मिळाली का?” तुम्ही म्हणायचात, “आजून न्हाई.” कशाबद्दल ते दोघांनाही बोलावं लागत नव्हतं.

आणि मग दोन हजार तेवीसचा मार्च. तुमच्या निवृत्तीला चार महिने. यापुढचं मला बाळासोनं सांगितलं. तुम्ही सांगितलंत ते दोन वाक्यांत होतं आणि दोन्ही निरुपयोगी होती.

सकाळी दहाला माधवनगरचीच वर्दी. गोदाम दुसरं, मालक दुसरा, माल तोच. ठाण्याचे साहेब रविराज, एकोणतीस वर्षांचे, आग विझवण्याचं शास्त्र शिकून आलेले. इथं एक स्पष्ट लिहिते, कारण अशा गोष्टीत शिकलेल्या साहेबाला मूर्ख दाखवायची पद्धत आहे. रविराज मूर्ख नव्हता. ज्या आगीला मागं अडीच तास आणि सात टँकर लागले, तशीच आग त्यानं पाऊण तासात आणि दीड टँकरमध्ये बसवली. मुखवटे घालून माणसं आत, द्रव मिसळलेलं पाणी, धुक्यासारखी धार. एकालाही खोकला आला नाही. मग त्यानं उष्णता दाखवणारा कॅमेरा काढला आणि गाठींच्या रांगांवरून फिरवला. पडदा सगळीकडं निळा. निळा म्हणजे गार.

तेवढ्यात दुसरी वर्दी आली, पाच मैलांवर ऊस पेटलाय. ठाण्याची दुसरी गाडी दुरुस्तीला. रविराज म्हणाला, “होस गुंडाळा.”

तुम्ही होस धरून उभे होतात. म्हणालात, “सायब, गाठी उगडून बगूया.”

“काका, कॅमेरा निळा दाखवतोय.”

“व्हय. वरचं दाखवतोय.”

“कॅमेरा खोटं बोलेल?”

“खोटं न्हाई बोलत. पर कातड्याला हात लावून पोटातलं दुखनं कळतंय का?”

गोदामाचा मालक पुढं आला. त्याच्या चांगल्या गाठी उघडून भिजवायच्या म्हणजे काय! तो तुमच्यावर ओरडत असताना फाटकापाशी जमलेल्या चाळीतल्या बायकांतून एक पुढं आली. साठी उलटलेली, लांब बाह्यांचं पोलकं. लीलाबाई. तिनं तुमच्याकडं निरखून पाहिलं.

“आवं, मागच्या बारीचं त्ये तुमीच न्हवं?”

मालकही वळून तिच्याकडं बघायला लागला.

“व्हय. मीच,” तुम्ही म्हणालात.

“मग आज काय म्हंता? इजली का न्हाई?”

“आजून सांगत न्हाई.”

“सांगू बी नगा लगीच,” ती म्हणाली, आणि तिथंच फाटकाच्या दगडावर बसली.

रविराजला मागचं काही ठाऊक नव्हतं. त्याला एवढं दिसलं की हा माणूस गाडीत बसायला तयार नाही आणि तिकडं ऊस जळतोय. हा पेच बाळासोनं सोडवला. त्याचेच सगेसोयरे तिकडं राहणारे. त्यानं फोन लावला आणि गल्लीभर ऐकू जाईल असा बोलला, “आरं शूटिंग करत उभं ऱ्हायलासा व्हय? मोबाईल ठिवा खिशात! कोयतं घ्या, वाऱ्याच्या तोंडाला चार सऱ्यांचा पट्टा तोडा, पाला मागं वडा! कारखान्याचा बंब लावून देतो.” त्याच्या आजोबांच्या काळी उसाची आग अशीच अडवायचे, बंब होता कुठं? दोन एकर गेला, बाकीचं शिवार राहिलं.

रविराजनं घड्याळ पाहिलं. “अर्धा तास, काका. माझ्या जबाबदारीवर.”

शेजारच्या बांधकामावरून सहा सळया आणल्यात. गाठीत तिरकी खुपसायची, पोटापर्यंत, थांबायचं, काढायची, हातमोज्यात धरून गालाजवळ न्यायची, लावायची. पहिली गाठ गार. दुसरी गार. पाचवी, सहावी, दहावी गार. बघ्यांत कुणीतरी म्हणालं, “दाढी करायलाय काय?” मालक म्हणाला, “माझा माल भोसकून ठेवला यानं.”

“काका, अजून किती?” रविराजनं विचारलं.

“समद्या.”

“आहेत किती?”

“बावन्न.”

बाळासो म्हणतो, “बाई, मी पंपाजवळ हुबा, आन मला वाटलं आता ह्यो गडी रिटायर व्हायच्या आधी परत एकदा वहीत जातोय.” तुम्हाला काय वाटत होतं ते तुम्ही सांगितलेलं नाही. पण चुकलं असतं तर काय, ते मी सांगू शकते. तीन ओळींत जुनं प्रकरण उकरलं गेलं असतं, आणि तुम्ही पुन्हा “खरं हाय त्ये” म्हणून सही केली असती.

चोवीस मिनिटं झाली. तिसऱ्या रांगेतली तळची गाठ. सळई काढलीत, गालाकडं नेलीत आणि चार बोटांवर थांबलात. लावलीच नाही. सळई रविराजपुढं धरलीत. त्यानं मोजा काढून बोट टेकवलं आणि “आई गं” करून हात झटकला.

लोखंडी आकड्यांनी गाठ ओढून बाहेर घेतली, पट्ट्या तोडल्या, थर उलगडले. आत ढोलीसारखी पोकळी आणि पोकळीच्या भिंती लालभडक. त्या रांगेत अशा चार निघाल्या. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता चाळीत काय झालं असतं, ते दगडावर बसलेल्या बाईला सांगायची गरज नव्हती. ती उठली आणि पदर खोचून घरात गेली.

रविराजनं पुढच्या माणसाच्या हातातली ब्रँच घेतली आणि तुमच्यापुढं केली. “धरा काका.”

“सायब, कापसाला टेंगले नको असतंय.”

“कोण म्हणतं?”

पंपाकडून बाळासो ओरडला, “कोन न्हाई! कोनबी न्हाई!”

तुम्ही धरलीत. एकेक गाठ उलगडायची, थराथरात पाणी मुरवायचं, पुन्हा सळई. बावन्नच्या बावन्न. दुपार गेली, ऊन उतरलं. पाणी दारातून बाहेर आलं, गटाराला लागलं. बाळासो कंटाळून म्हणाला, “बास की रं जतकरा! टाकीत हाय तवर वततोस काय?”

“व्हय,” तुम्ही म्हणालात आणि धार तशीच ठेवलीत. लीलाबाईनं चहा आणला तो एका हातानं प्यालात. तुम्ही गटाराकडं एकदाही पाहिलं नाहीत, अशी बाळासोची साक्ष आहे. दुसऱ्या दिवशी अकराचा ठोका होऊन गेल्यावर माधवनगर सोडलंत. त्या संध्याकाळी मी फोनवर विचारलं, “मिळाली का?” तुम्ही म्हणालात, “मिळाली. लय जड हाय वो. इसरलो हुतो.”

इथं थांबले असते. पण तुमच्या ठाण्याची नोंदवही आडवी आली. रविराजच्या कारकुनानं छापील तक्त्यात आगीची नोंद केली. वापरलेल्या साधनांच्या यादीत कॅमेरा छापलेला आहे, सळई छापलेली नाही. त्यामुळं नोंद झाली: ‘कॅमेऱ्याच्या साह्याने छुपी आग शोधून पूर्ण विझवली.’ बाळासोनं मला वाचून दाखवली आणि माझं डोकं फिरलं. चुकलात तेव्हा नावासकट ओळ, आणि आता यंत्राचं नाव? तुम्ही म्हणालात, “आग इजली न्हवं बाई? मग ऱ्हाऊ द्या.” मी राहू दिलं नाही. रविराजला फोन केला. तो शहाणा मुलगा. म्हणाला, “मॅडम, नोंद सोडा, त्याहून चांगलं करू. काकांना सळईची रीत लिहून द्यायला सांगा. ठाण्याच्या कायम सूचनांमध्ये लावतो, त्यांच्या नावानं. नव्या पोरांना शिकवता येईल.”

ठरलं. तुम्ही लिहायचं, मी टाइप करायचं, मी साताऱ्याहून एसटीनं यायचं, तुम्ही सांगलीच्या स्टँडवर थांबायचं आणि दोघांनी जाऊन कागद रविराजच्या हातात द्यायचा.

मे महिन्यात तुमचा दीड पानाचा कागद आला. स्वच्छ अक्षर, सगळं होतं त्यात. आणि मी काय केलं? लाल पेन घेतलं. समासात लिहिलं: ‘किती मिनिटं? सळई किती जाड? “गालाला कळतंय” म्हणजे किती अंश? मोघम आहे. पुन्हा लिहा.’ तीस वर्षांची सवय. पोस्टानं परत पाठवला. फोनवर तुम्ही “बरं बाई” म्हणालात. जुलैत शाल-नारळ घेऊन गावाकडं गेलात, मेंढरांत. मी महिनाभर वाट बघितली, मग माझ्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. विचारलं की तुम्ही म्हणायचात, “लिवतो बाई, त्ये अंशाचं तेवढं जमंना.” रविराजनं दोनदा फोन केला. दोन्ही वेळा मी सांगितलं, येतोय. गेल्या जूनमध्ये त्याची बदली झाली. आता तिथं कोण आहे मला माहीत नाही.

मोघम काही नव्हतं त्यात, भाऊसो. तो कागद आला त्याच दिवशी मी टाइप करून एसटी धरायला हवी होती. आपण दोघं गेलोच नाही.